बंदूकवाल्याला टोकायचं कसं? नागपुरातल्या नवख्यांसाठी

नागपुरात उघड्यावर बंदूक दिसायच्या जागा तशा मोजक्याच. बँकेच्या दारातला गार्ड, एटीएममध्ये रोकड भरायला आलेल्या गाडीसोबतची माणसं, इतवारीच्या सराफा ओळीतलं एखादं मोठं दुकान. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की सिव्हिल लाइन्समध्ये पुढाऱ्यांच्या मागंपुढं फिरणारे अंगरक्षक. आणि लग्नसराईत कोराडी रोडच्या नाहीतर वर्धा रोडच्या लॉनवर सफारीच्या आत रिव्हॉल्वर लावून आलेले कुणाचे तरी मामा. या सगळ्या ठिकाणी बंदूक नीट हाताळली जात नसेल तर ते आजूबाजूच्या बहुतेकांना दिसतं. नळी आपल्या पोटाकडं आहे हे कळायला प्रशिक्षण लागत नाही. तरी बोलत कुणी नाही.

न बोलण्याचं कारण अज्ञान नसतं, भीड असते. बंदूकवाला बहुधा वयानं मोठा, पैशानं जड किंवा वर्दीतला. त्याला टोकायचं म्हणजे त्याची अक्कल काढल्यासारखं वाटतं. म्हणून हे लिहितोय: नुकताच परवाना हाती आलेल्यांसाठी, रायफल क्लबात नव्यानं जाऊ लागलेल्यांसाठी, आणि ज्यांना बंदुकीशी काही घेणंदेणं नाही पण नोकरीच अशा काउंटरवर आहे त्यांच्यासाठी. माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे. माणसाबद्दल बोलू नका, नळीबद्दल बोला.

आधी नजर कुठं टाकायची

तीन गोष्टी बघायच्या, आणि त्याही याच क्रमानं. नळी कुणाकडं आहे. बोट ट्रिगरवर आहे की बाहेर, बाजूला सरळ. बंदूक उघडी आहे की बंद.

बारा बोअरची (छर्ऱ्याची) दुनाळी किंवा एकनाळी मधून मोडून उघडलेली असेल आणि नळीच्या मागच्या तोंडातून आरपार उजेड दिसत असेल, तर ती त्या क्षणी निर्धोक. आयुध निर्माणीची .३२ रिव्हॉल्वर बहुतेक वेळा वरून मोडून उघडते, तेव्हा सिलिंडरची, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या चाकाची, सगळी घरं एका नजरेत दिसतात. फसवतं ते पिस्तूल. मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची डबी, काढून टेबलावर ठेवलं की लोक निवांत होतात, पण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी गोळी बसते त्या जागेत, एक गोळी आधीच चढलेली असेल तर ती तशीच राहते, आणि बऱ्याच पिस्तुलांतून ती मॅगझिनशिवायही सुटते. ‘रिकाम्या’ पिस्तुलातून गोळी सुटली असं आपण ऐकतो तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागं ओढून, चेंबरमध्ये डोकावून बघितल्याशिवाय पिस्तूल रिकामं धरू नये. दुसऱ्यानं बघितलं असलं तरी हातात आल्यावर आपण पुन्हा बघायचं. त्यात कुणाचा अपमान नाही, जाणकार माणूस उलट खूश होतो.

सेफ्टी लावलीय, लॉक आहे, यावर फार विसंबू नका. तो यंत्राचा भाग आहे, झिजतो, बिघडतो, आणि अर्धा लागला की पूर्ण लागल्यासारखा दिसतो.

तोंडाआधी पाय

नळी तुमच्याकडं फिरली तर पहिलं काम बोलणं नाही, बाजूला होणं. एक-दोन पावलं आडवं सरकायचं, सोबत लेकरू असेल तर त्याला हाताला धरून घ्यायचं. मागं सरकून उपयोग नाही, नळीची रेघ मागंही जाते.

दुकानात निर्धोक बाजू कोणती, हाही विचार करायला हवा. सिनेमा बघून आपल्याला वाटतं, नळी छताकडं केली की झालं. इतवारी, महालात खाली दुकान आणि वर कुटुंब राहतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी भाजी निवडत बसलेलं असतं. प्लायवूडचं नाहीतर जिप्समचं पार्टिशन गोळी अडवत नाही. शेजारच्या दुकानातला माणूस त्याच्या गल्ल्यावर बसल्या बसल्या तुमच्या रेघेत येतो. खाली फरशी कडक असेल तर गोळी उसळू शकते. म्हणून चांगल्या बंदूक-विक्रेत्याकडं एका कोपऱ्यात वाळूची पेटी किंवा वाळू भरलेली बादली असते. ती दिसली की तिच्याकडं बोट दाखवायचं. नसेल तर बाहेरची जाड भिंत, जिच्या पलीकडं रस्ता नाही, तीच त्यातल्या त्यात बरी.

वाक्य छोटं ठेवा

बाजूला झालात की बोला. लगेच, आवाज न चढवता, आणि काय करायचं ते सांगणारं एकच वाक्य.

‘भाऊ, नळी जरा त्या भिंतीकडं घ्या.’

‘काका, बोट बाहेर ठेवा नं.’

‘दादा, आधी उघडून दाखवता का?’

सदर, सीताबर्डीत अर्धा बाजार हिंदीत चालतो, तिथं ‘भैया, नाल नीचे रखो’ म्हटलं की पुरतं. समोर पोलीस किंवा माजी सैनिक असेल तर ‘साहेब’ लावायचं, वाक्य तेच. ‘तुम्हाला कळत नाही का’, ‘असं धरतात का कुणी’, ‘लायसन आहे का तुमच्याकडं’ ही वाक्यं गिळून टाका. ती खरी असली तरी त्यांनी नळी हलत नाही, माणूस पेटतो. आणि पेटलेल्या माणसाच्या हातात बंदूक आहे हे विसरायचं नाही.

हसत हसत सांगायचा मोहही आवरा. ‘अरे मारून टाकशील का बे’ असं म्हटलं की समोरचाही हसतो, गंमत म्हणून नळी पुन्हा एकदा तुमच्याकडं रोखतो आणि गोष्ट थट्टेवारी जाते. साध्या, कोरड्या आवाजात सांगितलेलं लोक ऐकतात.

आता याला उत्तरं येतात ती ठरलेली आहेत. सगळ्यात पहिलं: ‘अहो, रिकामी आहे.’ यावर वाद घालू नका, ती रिकामी आहे की नाही याच्यात शिरूच नका. ‘असेल हो, तरी तिकडं करा.’ दुसरं: ‘पंचवीस वर्षं झाली वापरून राहिलो मी.’ ‘म्हणूनच तुम्हाला सांगितलं, काका. पोरं तुमचं बघून शिकतात.’ हे मी अनेकदा चालताना पाहिलंय, कारण त्यात त्यांचा मान राहतो. तिसरं: ‘परवाना आहे माझ्याकडं.’ परवाना बाळगण्याचा आहे, लोकांवर रोखण्याचा नाही, पण हे त्यांच्या तोंडावर म्हणण्यात हशील नाही. दोनदा सांगूनही नळी हलली नाही तर तिसऱ्यांदा सांगायचं नाही. तिथून निघायचं आणि जागेच्या मालकाला गाठायचं.

बंदुकीच्या दुकानात

नवा परवानाधारक पहिल्यांदा दुकानात जातो तेव्हा तो अर्धा पाहुणा, अर्धा परीक्षार्थी असतो. सोबत मेव्हणा असतो, दोन मित्र असतात, आणि सगळ्यांना एकेकदा हातात घेऊन बघायची असते. गडबड इथंच होते.

नीट रीत अशी. काउंटरवरचा माणूस बंदूक आधी उघडतो, रिकामी असल्याचं स्वतः बघतो, तुम्हाला दाखवतो आणि उघडीच तुमच्या हातात देतो. तुम्ही बघता. वजन, पकड, नेम बघायचा तो ठरलेल्या भिंतीकडं. ट्रिगर दाबून बघायचा असेल तर आधी विचारायचं. परत देताना पुन्हा उघडी. काडतुसांचा डबा या वेळी काउंटरवर नकोच. तो बिल झाल्यावर निघाला पाहिजे.

दुकानदारानं बंद बंदूक तशीच पुढं केली तर हात मागं ठेवा आणि म्हणा, ‘शेठ, उघडून द्या.’ गिऱ्हाईक म्हणून हे सांगायचा तुम्हाला पुरता हक्क आहे. दुसरं गिऱ्हाईक नळी फिरवत असेल तर त्याला परभारे न टोकता दुकानदाराला सांगितलेलं जास्त लागू पडतं. दुकान त्याचं, परवाना त्याचा, आणि काही झालं तर त्यालाच पहिलं उत्तर द्यावं लागतं. आणि मेव्हण्याच्या हातात बंदूक द्यायचीच असेल तर आधी त्याला बोट कुठं ठेवायचं ते सांगा. त्याला टोकायची जबाबदारी तुमची, दुकानदाराची नाही.

नेमबाजीच्या रेंजवर मात्र भिडेला जागाच नाही. तिथं धोका दिसला की नवखा असो की नॅशनल खेळलेला, कुणीही मोठ्यानं ‘स्टॉप’ म्हणू शकतो, म्हणावंच. सगळे थांबतात, बंदुका खाली ठेवल्या जातात, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ते रिकामं असल्याची रंगीत खूण, लागतात. मग चौकशी. तुमचा अंदाज चुकला तरी कुणी रागावत नाही, आणि जिथं रागावतात ती रेंज सोडा.

बँक, सराफा, पंप

गार्डची गोष्ट वेगळी, कारण त्याचं रोजचं काम बंदूक सांभाळणं असलं तरी त्याला दहा कामं लावलेली असतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या कुठल्याही शाखेत हे दिसेल. पेन्शनवाल्यांची रांग, पासबुक छापायचं मशीन अडकलेलं, आणि गार्डकाका बारा बोअर मशीनच्या बाजूला भिंतीला टेकवून कुणाचं तरी पासबुक सरळ करून राहिलेले. बंदुकीचा पट्टा घसरून खाली आलेला. रांगेतल्या आजोबांच्या पिशवीत तो अडकायला वीतभर अंतर बाकी.

इथं काकांवर ओरडून काय होणार? जवळ जाऊन हळूच म्हणा, ‘काका, बंदूक पडेल, घ्या हातात. पासबुक मी बघतो.’ बहुतेक जण चटकन उचलतात आणि ओशाळतात. चार लोकांत पाणउतारा करू नका. मग शाखा व्यवस्थापकांना भेटा आणि खरं दुखणं सांगा: गार्डला पासबुकाच्या कामाला लावू नका, आणि बंदूक ठेवायला एक पक्की जागा करून द्या. तोंडी सांगून फरक पडला नाही तर दोन ओळी लिहून द्या आणि पोच घ्या. लेखी आलं की साहेबही ते एजन्सीकडं पाठवतात. खुर्चीत बसून नळी स्वतःच्याच हनुवटीखाली धरणारे गार्डही दिसतात. त्यांनाही सांगावं, काळजीच्या सुरात.

पेट्रोल पंपावर नाहीतर पानठेल्यावर कमरेला नुसतीच खोचलेली रिव्हॉल्वर दिसते. पाकीट काढताना ती निसटते. पडत असलेली बंदूक कधीही झेलायला जाऊ नका. झेलताना बोट नेमकं ट्रिगरवर जातं. पडू द्या, पाय मागं घ्या, मग मालकालाच उचलू द्या. जुन्या रिव्हॉल्वरमध्ये घोड्यासमोरच्या (मागून आपटणाऱ्या हॅमरसमोरच्या) घरात गोळी असली तर नुसत्या आपटण्यानंही ती सुटू शकते, म्हणून ‘पडू द्या’ म्हणजे ‘जवळ उभे राहा’ नव्हे. शस्त्र नियम, २०१६ मधल्या नियम ३२ प्रमाणं सार्वजनिक जागी बंदूक होल्स्टरमध्ये किंवा तशाच खोळीत, पूर्ण झाकलेली आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असायला हवी. ती परजणं, मिरवणं तर सरळ मनाई. असं केल्यास परवाना रद्द करण्याची कारवाई सुरू करायची तरतूद त्याच नियमात आहे. पंपावरच्या पोरानं हे कलम ऐकवायची गरज नाही. ‘साहेब, कव्हरमध्ये ठेवा, गर्दी आहे’ एवढं बस.

कधी हॉटेलच्या बाथरूममध्ये, कपड्याच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये कुणी बंदूक विसरून जातं. हात लावू नका, रुमालात गुंडाळू नका, ‘मालक येईल घ्यायला’ म्हणून ड्रॉवरमध्ये तर मुळीच ठेवू नका. दार बंद करा, एक माणूस बाहेर उभा करा, ११२ लावा.

जत्रेतल्या फुगे फोडायच्या एअरगनला लोक खेळणं समजतात. ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही हे खरं. छर्रा डोळा मात्र नक्की फोडतो. स्टॉलवाला छर्रा भरून बंदूक आडवी करून पोराच्या हातात देतो तेव्हा रांगेतले सगळे तिच्या समोर येतात. ‘भाऊ, आधी पोराला फुग्यांसमोर उभं करा, मग द्या,’ एवढंच म्हणायचं.

लॉन आणि वरात

हवेत गोळी झाडायची उत्तरेतल्यासारखी रीत आपल्याकडं नाही, पण हौस सगळीकडं पोचलीय. डीजे वाजतो, वरात लॉनच्या गेटशी अडते, कुणीतरी कमरेकडं हात नेतं. वर गेलेली गोळी खाली येते, आणि तिरपी झाडलेली तर बराच वेग राखून येते. रायफलीची गोळी किलोमीटरभराहून लांब जाऊन पडू शकते. ज्याला लागते त्याला कुणाचं लग्न होतं हेही माहीत नसतं.

२०१९ च्या दुरुस्तीनं शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २५ मध्ये हे स्पष्ट आलंय: निष्काळजीपणानं किंवा आनंदोत्सवात गोळी झाडून कुणाचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आणली तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणाला लागलंच पाहिजे असं नाही. ज्यात माणूस दगावतो त्यात भारतीय न्याय संहितेची कलमं वेगळी लागतात.

वरातीत नाचणाऱ्या माणसाला परक्यानं टोकून काही होत नाही. त्याचा माणूस शोधा: नवरदेवाचे वडील, मोठे काका, ज्यांच्या शब्दाला घरात वजन आहे ते. ‘काकाजी, भाऊंच्या कमरेला बंदूक आहे, गाडीत ठेवायला सांगा नं.’ वडीलधाऱ्यानं खांद्यावर हात ठेवून बाजूला नेलं की विषय संपतो. लॉनवाल्यांनी तर बुकिंगच्या कागदावरच एक ओळ घालावी की आत हत्यार आणता येणार नाही. भांडण उभं राहिलं तर बोट दाखवायला कागद लागतो. डीजेवाल्यालाही आधीच सांगून ठेवा: बंदूक निघाली की संगीत बंद. शांतता झाली की लोक वळून बघतात आणि हौस विरते.

जिथं तोंड उघडायचं नाही

माणूस प्यालेला असेल, भांडणात असेल, कुणाला धमकावत असेल, किंवा बंदूक बेकायदा आहे अशी शंका असेल, तर वर सांगितलेलं सगळं विसरा. तिथं टोकणं म्हणजे आगीत तेल. अमरावती रोडच्या ढाब्यावर शेजारच्या टेबलावर बाटलीशेजारी पिस्तूल ठेवलेलं दिसलं तर जेवण अर्धं टाकून उठा, बिल द्या, गाडी रस्त्याला लागली की ११२. त्याच्याकडं टक लावून बघू नका, मोबाइल वर करून व्हिडिओ तर घेऊच नका. हिशेब चुकता करताना काउंटरवरच्या माणसाच्या कानावर घातलं तर बरं, पण तेवढ्यासाठी थांबू नका.

फोनवर सांगताना जागा आधी, मग बाकीचं. ‘अमरावती रोड, अमुक ढाबा, आत उजवीकडचं टेबल, चौघं, एकाकडं पिस्तूल, प्यालेले आहेत, पांढरी गाडी, नंबर अमुक.’ फोन मध्येच तुटला तरी जागा पोचलेली असते.

लेखी तक्रार

तोंडी सांगून भागलं नाही, किंवा प्रकार गंभीर असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. पुष्कळांना ठाऊक नसतं की शस्त्र अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणं या कायद्याखालचा गुन्हा माहीत असूनही सबळ कारणाशिवाय न कळवणं चालत नाही. कळवणं हे कर्तव्यच धरलंय. ‘आपल्याला काय करायचं, भाऊ’ म्हणणाऱ्या दुकानमालकाला हे शांतपणे सांगता येतं.

‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे ऐकून परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यानं नाकारलं तर तोच मजकूर टपालानं वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडं पाठवता येतो. माणूस परवानाधारक असेल तर अर्जाची एक प्रत परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला द्या: शहरासाठी पोलीस आयुक्त, आणि काटोल, उमरेड, रामटेकसारख्या ग्रामीण भागासाठी जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले कलेक्टर. कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार त्यांच्याकडं आहे, आणि बंदूकवाल्याला जेलपेक्षा याचीच धास्ती जास्त असते.

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग लगेच काढून ठेवायला सांगा. काही दिवसांनी जुन्यावर नवं चढतं, मग कुणी कितीही हळहळलं तरी हाती काही येत नाही. जमिनीवर झाडलेल्या काडतुसाचा रिकामा खोका पडला असेल तर त्यावर खुर्ची उलटी करून ठेवा, उचलू नका. आणि पोलिसांकडं जायच्या आधी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटो टाकू नका. चेहरा चुकीच्या माणसाचा निघाला तर तक्रार तुमच्यावरच उलटते, आणि खरा माणूस सावध होतो.

अर्जात जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा. वेळ, जागा, हात कुठं होता, नळी कुणाकडं होती, गोळी सुटली की नुसती रोखली, सोबत कोण होतं. रिव्हॉल्वर की पिस्तूल याची खात्री नसेल तर ‘काळी, एका हातात मावणारी’ असं लिहा. चुकीचं नाव लिहिलं तर पुढं उलटतपासणीत वकील तेवढ्याच शब्दाला धरून बसतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.